शिडाच्या नौकेवरील विजेचा हिशेब

शिडाची नौका वाऱ्यावर चालते हे खरे. परंतु रात्री नांगरावर असताना लावायचा दिवा, बिनतारी संच आणि तळाशी झिरपलेले पाणी उपसणारा पंप हे सारे बॅटरीवर अवलंबून असते. मुंबई बंदरातील ज्या जुन्या नौकेची विद्युतव्यवस्था आम्ही दोघे माजी विद्यार्थी पाहतो, तिचा पंप मांडव्याजवळ मुक्काम असताना पहाटेपूर्वीच थांबला. खलाशांनी उजाडेपर्यंत बादल्यांनी पाणी उपसले. बॅटरीत किती वीज उरली आहे, हे सांगणारे साधन नौकेवर नव्हते. तयार यंत्र बाजारात मिळते. पण ते महाग होते, आणि खरे सांगायचे तर आम्हांस ते स्वतःच करून पाहायचे होते.

नुसता व्होल्टमापक येथे अपुरा पडतो. शिसे-आम्लाची बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी रिती झाली की सुमारे १२.२. सारे ज्ञान अर्ध्या व्होल्टात! तेही बॅटरी काही तास स्वस्थ असेल तरच. पंप सुरू होताच आकडा खाली येतो, सौरपटलावर ऊन पडताच वर चढतो.

वसतिगृहात भंतेजी तांदळाचा डबा हलवून अंदाज करीत नसत. सायंवंदनेनंतर ते कोठाराची वही उघडीत : आले किती, गेले किती, शिल्लक किती. आम्ही तीच रीत धरली. बॅटरीच्या ऋण तारेत १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट बसवला. पाच अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत अवघे ३.७५ मिलिव्होल्ट मिळतात. ते आयएनए २२६ ही चीप मोजते आणि लहानसा नियंत्रक सेकंदासेकंदाची बेरीज-वजाबाकी ठेवतो. पंपाची तार पूर्वीच्या कोणा कारागिराने थेट बॅटरीला जोडली होती. म्हणजे कोठाराच्या मागच्या दाराने धान्य जात होते. ती आम्ही शंटच्या पलीकडे आणली.

तरीही हिशेब सरळ नव्हता. भरलेली सर्व वीज परत मिळत नाही. शिवाय १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारणतः वीस तासांत रिती करण्याच्या हिशेबाने तोललेली असते. प्रवाह वाढवला की ती त्याहून कमी देते. पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलेले हे सूत्र आम्ही आज्ञावलीत घातले. लहान चुका साठत जातात, म्हणून बॅटरी पूर्ण भरली की यंत्र शिल्लक पुन्हा शंभरावर आणते. खाऱ्या हवेचा बंदोबस्त मात्र सूत्राने होत नाही. त्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा वापरल्या आणि फलकावर लाखेसारखा लेप चढवला.

शिल्लक निम्म्यावर आली की आता घंटी वाजते, कारण याहून खाली वारंवार गेल्यास बॅटरीचे आयुष्य घटते. खलाशी झोपण्यापूर्वी तो आकडा वहीत लिहितात. यंत्राची आकृती व एक जादा शंट आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेस देत आहोत. वसतिगृहातील सौरदिव्यांच्या बॅटरीवर नववीच्या विद्यार्थ्यांना तो जोडून पाहता येईल.