उभ्याने खाणारी भूक

पोटाची भूक समजूतदार असते. ज्वारीची भाकरी, कालची आमटी, जे असेल त्यावर ती भागते. रात्री साडेदहाला, व्यवस्थित जेवण झालेलं असताना जी उठते तिचा मात्र हट्ट असतो. शेव हवी, नाहीतर चॉकलेट, आणि आत्ताच्या आत्ता. दोघींना ओळखायची माझी खूण सोपी आहे: समोर भाकरी ठेवली तर चालेल का? चालणार नसेल, तर मागणी पोटाची नाही.

ही दुसरी भूक उभ्याने खाते. ओट्यापाशी, दिवाही न लावता, चिवड्याच्या डब्यात हात. आधी दाणे आणि खोबऱ्याचे काप वेचले जातात, मग पोहे. तळाचं तिखट-मीठ बोटांना लागतं तेव्हा कळतं, की चव अशी घेतलीच नाही. तेवढा वेळ डोक्यात संध्याकाळी साहेब सगळ्यांदेखत जे बोलले तेच घोळत होतं.

यात शरीराचाही वाटा असतो. ताण लांबला की कॉर्टिसॉल वाढतं, त्याबरोबर गोडाची, तळलेल्याची ओढ वाढते. खाल्ल्यावर थोडा वेळ बरंही वाटतं. पण त्याच्याही आधी घराने शिकवलेलं असतं. गुडघा फुटला की हातावर लाडू, निकाल लागला की पेढे, घरातलं माणूस गेलं की शेजारून पिठलं-भात. सुखदुःखाला अन्नाची जोड देण्यात वाईट काही नाही. फक्त त्या पिठलं-भाताबरोबर शेजारच्या काकूही यायच्या, जवळ बसून ‘दोन घास खाऊन घे गं’ म्हणायच्या. रात्री आपण काकूंचं काम डब्याकडून करून घ्यायला बघतो. ते त्याला कसं जमणार?

मग सकाळी शपथ: आजपासून गोड बंद, तळलेलं बंद. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नव्हे, उलट जास्त खाल्लं. एकदा मोडलंच आहे ना, मग होऊ दे!

म्हणून मी बंदीच्या वाटेला जात नाही. दुपारचं जेवण चहा-बिस्किटांवर भागवत नाही, कारण रात्रीच्या हट्टात दुपारची खरी भूकही मिसळलेली असते. चिवडा वाटीत काढायचा, डबा झाकून जागेवर ठेवायचा, बसून खायचं. आणि त्याआधी बहिणीला फोन. तिचा पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’ हाच असतो. दुसऱ्या वाक्याला आम्ही साहेबांवर येतो. पुष्कळदा वाटी तशीच राहते. कधी रिकामी होते, तर त्याचं फार मनाला लावून घेत नाही.

लपूनछपून, पोट दुखेपर्यंत, थांबवता न येता असं खाणं वारंवार होत असेल, तर तो आजार असू शकतो. तिथे डॉक्टरच गाठायला हवा. बाकीच्यांनी जिभेला शिव्या देणं सोडावं. तिला बोलायचंही असतं. तेवढी सोय केली, की तिची खाण्याची घाई बरीच कमी होते.