अर्धशक्तीचा हिशेब

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात एकूण २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण घेऊन गेलेल्या मलेशियाच्या खेळाडूचे भरले २४९. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूचे १९९ झाले आणि कांस्यपदक २०० किलोंना गेलं. एका किलोने पदकाचा रंग बदलतो, नाहीतर पदकच हुकतं, अशा ठिकाणी झोपेच्या तासांपासून ताटातल्या भातापर्यंत सगळं मोजूनच करावं लागतं. असा खेळाडू लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात लावत नसेल, तर त्यात अतिरेक काही नाही. ते त्याचं कामच आहे. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. दिवसभर बँकेत, शाळेत किंवा दुकानात उभं राहून किंवा बसून जे संध्याकाळी जिमच्या पायऱ्या चढतात, ज्यांच्या उचललेल्या किलोकडे कुठलाही पंच डोळे लावून बसलेला नसतो, त्यांनी कुणाची शिस्त घ्यावी?

सहसा त्यांना खेळाडूचीच दिली जाते, तीही अर्धवट. आठवड्याचे सहा दिवस, छातीचा वार वेगळा, पाठीचा वेगळा, पायांचा वेगळा; प्रत्येक सेट हात थरथरून वजन खाली येईपर्यंत; साखर बंद, बाहेरचं बंद, आणि रविवारी एक ‘चीट डे’, म्हणजे जेवणालाही गुन्ह्याचा वास. हे वेळापत्रक स्पर्धेच्या शरीरसौष्ठवातून आलं आहे. तिथे ते शोभतं, कारण त्यामागे ठरावीक तारीख असते आणि ती तारीख उलटली की खेळाडूही सैल पडतो. आपल्याला तारीख नसते. जे आयुष्यभर चालवायचं आहे ते बारा आठवड्यांच्या तयारीच्या मापाने शिवलं, तर अंगाला बसणार कसं? वजनं उचलणारा, पण स्पर्धेच्या वाटेला न जाणारा म्हणून माझं मत असं झालं आहे की सामान्य माणसाने अर्ध्यावर समाधान मानावं आणि त्याची अजिबात लाज बाळगू नये. मात्र ते अर्धं खरोखर अर्धं आहे की नाही, एवढी एक गोष्ट काटेकोरपणे मोजावी. कडकपणा जेवढा काही अंगात असेल तेवढा तिथे खर्च करावा.

अर्धं पुरतं याला आधार आहे. २०१७ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली. एका स्नायूसाठी आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांचा स्नायू सरासरी ५.४ टक्क्यांनी वाढला, पाच ते नऊ सेट करणाऱ्यांचा ६.६ टक्क्यांनी, आणि दहा किंवा त्याहून जास्त करणाऱ्यांचा ९.८ टक्क्यांनी. जास्त घाम गाळणाऱ्याला जास्त मिळतं, हे यातून सरळ दिसतं आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण हेच आकडे दुसऱ्या टोकाकडून वाचून पाहा: पहिल्या चार सेटांतच निम्म्याहून अधिक पदरात पडलेलं असतं. नंतरच्या प्रत्येक सेटला पहिल्याइतकाच वेळ लागतो, हाती मात्र कमी येतं. आयुर्मानाच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी सौम्य आहे. स्नायूंच्या व्यायामाबद्दलचे दीर्घकालीन अभ्यास २०२२ साली जपानी संशोधकांनी एकत्र तपासले, तेव्हा मृत्यूचा आणि हृदयविकारासारख्या आजारांचा धोका दहा ते सतरा टक्क्यांनी कमी दिसला, आणि बहुतेक बाबतींत तो सर्वांत कमी दिसला आठवड्याला अर्ध्या ते एका तासाच्या आसपास. हे निरीक्षणावरचे निष्कर्ष आहेत. मुळात धडधाकट असणारी माणसंच जिममध्ये जातात, असं कुणी म्हणालं तर त्याचं तोंड बंद करता येणार नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनासुद्धा प्रौढांकडून आठवड्याचे दोनच दिवस मागते. फक्त सगळे मोठे स्नायू त्यात आले पाहिजेत आणि जोर किमान मध्यम असला पाहिजे.

गाडी अडते ती या ‘मध्यम’पाशी. आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. आयुर्वेदात वाग्भटाने बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, तोसुद्धा थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. मवाळपणे व्यायाम करणाऱ्यांना हे वचन भारी आवडतं. सुश्रुताने मात्र या अर्ध्या शक्तीची खूणही सांगून ठेवली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही: श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती झाली असं समजावं. म्हणजे गप्पा मारत, आरशात केस नीट करत, दोन सेटांच्या मध्ये मोबाइलवरची मालिका पुढे सरकवत जे चालतं ते अर्धं नाही, पावही नाही. माणसाचा अंदाज या बाबतीत फार कच्चा असतो. बेंच प्रेसचा सराव असलेल्या पुरुषांना एका ब्राझिलियन अभ्यासात विचारलं गेलं, की तुम्ही दहा वेळा उचलण्यासाठी एरवी किती वजन घेता? त्यांनी सांगितलेलं वजन त्यांच्या हाती देऊन, जमेल तितक्या वेळा उचला म्हटल्यावर सरासरी सोळा वेळा उचललं गेलं. दहाव्याला थांबताना ज्यांना आपण दमलो असं वाटत होतं, त्यांच्या अंगात अजून सहा शिल्लक होते. सरावलेल्यांची ही गत, तर नवख्यांचं काय सांगावं?

त्यामुळे मध्यम म्हणजे काय, हे मनाला विचारून चालत नाही. ते वजनाला आणि वहीला विचारावं लागतं. सेट संपताना आणखी दोन किंवा तीन वेळाच उचलता आलं असतं, अशा जागी थांबणं म्हणजे मध्यम. ही जागा ओळखण्याची सोपी खूण अशी, की आपण मुद्दाम हळू न करताही वजनाचा वर जाण्याचा वेग आपोआप मंदावतो. स्क्वॉटमध्ये तो खालून उठतानाच्या पहिल्या हातभर अंतरात मंदावतो, बेंचवर छातीपासून थोडं वर. वेग पडलाच नाही तर सेट हलका झाला; बार मध्येच अडला, कंबर वाकडी झाली, तर तो अर्ध्या शक्तीचा राहिला नाही. फेल्युअरपर्यंत, म्हणजे वजन उचलेनासं होईपर्यंत, गेलं तरच स्नायू वाढतो ही समजूतही आता टिकत नाही. अलीकडच्या तुलनांत दोन-तीन शिल्लक ठेवून थांबणाऱ्यांत आणि शेवटपर्यंत झटणाऱ्यांत फार मोठा फरक निघालेला नाही. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना कळवळण्यात मात्र फरक पडतो. मग उरते वही. आठ वेळा उचलता येईल असं वजन घ्यावं, तेच वजन बारापर्यंत न्यावं, बारा झाले की अडीच किलो वाढवून पुन्हा आठवर यावं. बहुतेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा कोपऱ्यात धूळ खात असतात. माझ्या मते त्या खोलीतल्या सर्वांत मोलाच्या वस्तू त्याच. त्या नसतील तर बारवर एकदम पाच किलोची उडी घ्यावी लागते, आणि डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामात पाच किलो म्हणजे कित्येकांसाठी काही महिन्यांचा प्रवास असतो. मागच्या आषाढातला आकडा आणि या आषाढातला आकडा वहीत तोच असेल, तर आपण मध्यम व्यायाम केला नाही, नुसती हजेरी लावली.

वजनांचा खास गुण इथेच आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवून जवळजवळ दहा वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि तोच व्यायाम त्यांनी संस्थानातल्या शाळांत नेला. खर्च नाही, सामान नाही, जागा चटईएवढी, बायकापोरांनाही करता यावा; हा विचार मोठाच होता आणि सँडोच्या स्प्रिंगवाल्या डंबेल्सपेक्षा तो आपल्या मातीत जास्त रुजला. पण नमस्कारात किंवा जोर-बैठकांत ओझं आपल्याच देहाचं असतं. अंगात ताकद आली की वाढवायला उरते ती संख्या: पन्नासाच्या शंभर, शंभराच्या पाचशे. तालमीतल्या पैलवानाला ते हवंच असतं, कारण त्याला लाल मातीत समोरच्याला दमवायचं असतं. कारकुनाला पाचशे बैठकांना वेळ नाही. वजनांत संख्या तीच ठेवून ओझं वाढवता येतं, आणि म्हणून पाऊण तासाचा व्यायाम दहा वर्षांनीही पाऊण तासाचाच राहतो. थोडक्या वेळात भागवू पाहणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचं साधन मला माहीत नाही.

यावर कडक शिस्तीचे लोक म्हणतात की सवलत दिली की माणूस घसरतो. दोन दिवसांचा एक होतो, एकाचा शून्य. माणसं घसरतात हे खरं आहे. पण ती कुठून घसरतात तेही पाहावं. सहा दिवसांच्या नियमात एक दिवस चुकला की नियम मोडला, आणि मोडलेला नियम पाळायचा कशाला, या न्यायाने सगळंच सुटतं. गणपतीचे दहा दिवस, पाठोपाठ दिवाळीचा फराळ, मग लग्नसराई. आपलं वर्ष असं आखलेलं आहे की अखंड शिस्तीला ते चार महिनेही उसंत देत नाही. आणि शरीराला अखंडपणा लागतच नाही. १९८८ साली ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी आठवड्याला दोन-तीन दिवस पायांचा व्यायाम करून ताकद वाढवलेल्या लोकांचा व्यायाम पुढचे बारा आठवडे कमी केला. ज्यांनी तो पूर्ण थांबवला, त्यांनी कमावलेल्या ताकदीतला दोन तृतीयांश भाग गमावला. जे आठवड्याला एकच दिवस करत राहिले, त्यांची ताकद जवळपास होती तिथेच राहिली. अट एवढीच की त्या दिवशी वजन पूर्वीइतकंच असावं. दिवस कापा, सेट कापा, चालेल. वजन कापलं की गेलं. सणासुदीत लोक नेमकं उलट करतात. वेळ नसतानाही रोज येतात, हलकं काहीतरी हलवतात, आणि गेल्याचं पुण्य घेऊन परततात.

शिस्तीत स्वतःचा असा आनंद असतो, हा आक्षेप मला सर्वांत मान्य आहे. पहाटे साडेपाचला बारखाली जाण्याचं सुख ज्याला कळलं त्याला हा लेख लागू नाही. त्याने सुखाने सहा दिवस जावं. त्याने आपली आवड इतरांवर कर्तव्य म्हणून लादू नये, एवढंच.

खरा अवघड आक्षेप येतो हाडांकडून आणि वयाकडून. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटाला आठ महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन नेणं आणि उडीचा एक प्रकार दिला, तेही चांगलं जड. दुसऱ्या गटाला घरी करायचा हलका व्यायाम. जड उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली, हलकं करणाऱ्यांची घटली. म्हणजे मध्यम पुरत नाही का? पण त्या जड गटाचा व्यायाम किती होता, तर आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. वेळ मध्यमच होता, वजन मध्यम नव्हतं. तेव्हा इथे मला माझंच म्हणणं थोडं आवळावं लागतं: अर्ध्यावर भागवायचं ते दिवसांच्या, सेटांच्या आणि पथ्यांच्या बाबतीत. बारवरच्या किलोंना ही सवलत सगळ्या वयांत सारखी देता येत नाही. सेटांची सवलतही वयानुसार बदलते का, हे बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दोन पिढ्यांत तपासलं. सोळा आठवडे व्यायाम केल्यावर काहींचे सेट एक तृतीयांश केले, काहींचे एक नवमांश. विशी-तिशीतल्यांनी एक नवमांशावरही कमावलेला स्नायू टिकवला. साठी ओलांडलेल्यांना ताकद राखता आली, पण वाढलेला स्नायू तेवढ्यावर राहिला नाही.

आपल्या जिमची मांडणी याच्या उलटी आहे. पंचविशीतल्या मुलाला, ज्याचं थोडक्यात भागलं असतं, सहा दिवस राबवलं जातं, आणि पासष्टीच्या काकूंच्या हातात एक किलोची गुलाबी डंबेल्स देऊन ट्रेनर दुसरीकडे निघून जातो. काकू घरी बाजाराची पाच किलोची पिशवी उचलून दोन जिने चढतात, याची त्याला कल्पना नसते. बॉस्टनला १९९० साली मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला होता. त्यांचं जास्तीत जास्त वजन किती ते आधी मोजलं आणि हळूहळू त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत नेलं. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातली काठी सोडून चालायला सुरुवात केली.