विचारायचं ते ह्यांनाच विचारा

रविवारी आमच्याकडे माणसं येतात. सुरतेत रिंग रोडची मार्केटं बंद असतात, लूमवरून रातपाळी उतरलेले झोप काढून मोकळे झालेले असतात, आणि दोंडाईच्याकडची पॅसेंजर उधन्याला लागली की तिकडचेही दोन-चार जण रिक्षाने नवागामात येऊन पोचतात. सगळे ह्यांना बघायला येतात आणि सगळे प्रश्न मला विचारतात. "आते कसं शे? जेवस का काही? बोलस का?" हे समोर खाटेवर बसलेले असतात. कान शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे, मांडीवर पाटी आहे, हातात खडू आहे. तरी विचारणारा ह्यांच्याकडे एकदा बघतो, मान फिरवतो आणि माझ्याकडून उत्तराची वाट बघतो.

मला याचा राग येतो. येणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं हे कळतं, पण तरीही येतो. गालाच्या आतल्या गाठीसाठी डॉक्टरांनी ह्यांच्या जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचं मांस आणून गालाला लावलं. त्याने ह्यांचं बोलणं गेलं, ते काही महिन्यांनी थोडंफार परत येईल. पण घरात बसलेल्या बापाला वगळून त्याच्याबद्दल बोलायची सवय एकदा लागली, की ती बोलणं परत आल्यावरही जात नाही. शिवाय हे सगळं मुलांसमोर चालतं. मुलगी चौथीत आहे. मोठी माणसं पप्पांना काही विचारत नाहीत, हे तिला न सांगता कळतं.

खूप विचार करून मला वाटतं, यात घराच्या बांधणीचाही दोष आहे. आमच्या गावी आजारी माणसाची खाट ओट्यावर असते. येणारा ओट्याच्या कडेला टेकतो, चुना मागतो, कापसाला काय भाव निघाला ते सांगतो. बैल, विहिरीचं पाणी, कोणाच्या पोरीचं कुठे ठरलं, असं बोलणं इकडून तिकडे जात राहतं. आजारी माणूस त्याच्या मधोमध पडलेला असतो. तो गप्प असला तरी त्याला कोणी वगळलेलं नसतं. मधेच हुंकार भरतो, मधेच कूस बदलतो, आणि तास-दोन तासांनी येणारा उठतो तेव्हा आजाराबद्दल कदाचित एकच वाक्य बोलणं झालेलं असतं. नवागामात आमचं रो-हाउस. पुढच्या खोलीत खाट, तिच्यापासून दीड हातावर प्लास्टिकची खुर्ची, तिच्यामागे शिडी आणि मोरी. पाहुण्याचे गुडघे रुग्णाच्या गुडघ्यांना लागतात. सुजलेला गाल, टाके, नाकातली नळी, ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ, सगळं तोंडासमोर. नजर ठेवायला दुसरी जागाच नाही, म्हणून ती माझ्याकडे येते. वर परतीची गाडी ठरलेली. मग दहा मिनिटांत चार प्रश्न, बिस्किटाचा पुडा उशाशी, "काळजी घ्या" आणि पायात चपला.

पण म्हणून गावाचं सगळं गोड मानायला मी तयार नाही. माझ्या आजेसासूबाई अशाच ओट्यावर, अशाच गप्पांच्या मधोमध गेल्या. मिश्री लावायच्या, तोंडात जखम होती, आणि तिला शेवटपर्यंत कोणी नाव दिलं नाही. इथे निदान तुकडा तपासायला गेला, नाव कळलं, उपचाराची तारीख मिळाली. "गावाला आणा त्याला, हवापालट होईल" असा फोन येतो तेव्हा मी शांतपणे सांगते, हवेने हा आजार जात नाही.

दुसरा आग्रह असतो तो "टाटाला न्या" असा. टाटाचं नाव घेणाऱ्यांचं चुकत नाही. मुंबईत परळचं ते कर्करोगाचं रुग्णालय 1941 सालापासून उभं आहे, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने दूरदूरच्या किती रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा दिला याची मोजदाद नाही. रेल्वेही सवलत देते. उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण भाडं माफ, सोबत्याला पाऊण भाडं माफ. रुग्णालयाचा सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो. ज्यांना जायचं आहे त्यांनी हे जरूर करावं. पण ऑपरेशननंतरचा शेक, म्हणजे किरणोपचार, हा साधारण सहा आठवड्यांचा, सोमवार ते शुक्रवार रोजचा मामला. परळ इथून अडीचशे किलोमीटरच्या वर. सहा आठवडे मी तिथे राहिले तर मुलं कोणाकडे? टाटाच्याच पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली, ती याचसाठी की उपचाराची रीत देशभरच्या रुग्णालयांत सारखी व्हावी आणि माणसाला घर सोडावं लागू नये. माझी शाळा सकाळपाळीची. दुपारी सुटते, दोन्ही मुलांना जेवायला घालते, त्यांना शेजारच्या ओडिया काकूंकडे सोडते, ह्यांना घेऊन शेकाला जाते आणि दिवेलागणीला आम्ही चौघं एका छपराखाली असतो. उपचार सुरतेत घेण्याचं एवढं एकच कारण आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

इथे एक कागदाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवागाम-डिंडोलीत आपल्या कितीतरी घरांत ती अडते. आयुष्मान भारत योजना 2018 साली सुरू झाली, तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मिळतो आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या रुग्णालयातही चालतं. गुजरात सरकारने आपल्या कार्डधारकांसाठी ही रक्कम 2023 पासून 10 लाख केली. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र तिकडच्या शिधापत्रिकेवर आणि मुख्यतः तिकडच्याच रुग्णालयांत मिळते. आता आपल्या लोकांचं काय होतं? माणूस वीस वर्षं सुरतेत, मुलं इथल्या शाळेत, आणि शिधापत्रिकेवरचं नाव अजून गावी भावांबरोबर. हक्क राहावा म्हणून ठेवलेलं. आजार आला की कळतं की तिकडची योजना इथे नाही आणि इथली आपल्याला नाही. नाव इकडे आणायचं तर आधी तिकडून कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला घरातलं धडधाकट माणूस लागतं. ते तर त्या वेळी रुग्णालयाच्या बाकावर बसलेलं असतं. कुटुंबाने कुठे राहायचं हे ठरलेलं असेल तर कागदही तिथेच असावेत. भावाशी असलेलं नातं त्याने तुटत नाही.

आता घरातलं सांगते. हे मार्केटात मेहताजी. हिशेब गुजरातीत, पण पाटीवर लिहितात मराठीत, आणि भराभर लिहितात. मुलीचा अभ्यास पाटीवर चालतो. भागाकार चुकला की खडूने टकटक करतात. शाळेच्या डायरीवर सही ह्यांचीच होते. ती मी कधी केली नाही, आणि मी घाईत असले तरी करणार नाही. प्रश्न धाकट्याचा होता. तो बालवाडीत, त्याला अक्षर येत नाही. पाटी त्याच्या कामाची नाही. पहिल्या दिवशी तो ह्यांचा चेहरा बघून माझ्या पदराआड गेला. मग दोघांनी आपली खुणांची भाषा जमवली. दोन टिचक्या म्हणजे जवळ ये, मूठ म्हणजे दूध संपव, कानाची पाळी ओढली म्हणजे लबाडी पकडली. मला त्यातल्या निम्म्या खुणा कळत नाहीत.

मुलांना आम्ही नाव सांगितलं, कॅन्सर. शाळेतून ते कानावर येणारच होतं, मग ते घरातूनच यावं असं दोघांनी ठरवलं. येणाऱ्यांपैकी काहींनी कानात सांगितलं, "शेक घेऊन आला की पोरांना जवळ येऊ देऊ नको." बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात राहत नाही, आणि हा रोग पेल्याला पेला लागून पसरत नाही. मुलं खुशाल मांडीवर बसतात. दूर ठेवायचं ते मुलांना सर्दी-ताप असेल तेव्हा, आणि ते मुलांपासून ह्यांना जपण्यासाठी. केमोच्या दिवसांत रुग्णाला 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, हे मुलीलाही पाठ आहे.

सगळ्यात कठीण जातं ते खाणं. आमचं तोंड खान्देशी. शेवभाजी, भरीत, खुडलेल्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी. गल्लीत कोणाकडे वाटण भाजलं की वास आमच्या खोलीत येतो. शेकाने तोंड सोलवटतं, लाळ आटते, साधं वरणही झोंबतं, म्हणून नळी. दर दोन-अडीच तासांनी पाठ टेकवून बसवायचं, नळीवरची खूण नाकापाशी जिथे होती तिथेच आहे का बघायचं, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून पातळ केलेलं अन्न वरून सावकाश सोडायचं, शेवटी पाणी, आणि पुढे अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नाचणीची पेज, घट्ट शिजवलेली डाळ, केळं, उकडलेलं अंडं दुधात फिरवून, शेंगदाण्याचं कूट, सगळं मिक्सरमधून आणि बारीक गाळणीतून. डाळीचं वरवरचं पाणी आणि नारळपाणी यांनी जखम भरत नाही, तिला प्रथिनं लागतात. येणाऱ्यांना काही आणायचंच असेल तर बिस्किटाऐवजी सुमुल दुधाच्या दोन पिशव्या आणि सहा अंडी आणावीत. मी हे आता तोंडावर सांगते. मुलांसाठी मात्र नेहमीचं तिखट जेवण होतं आणि ती ह्यांच्यासमोरच जेवतात. तसा आग्रह ह्यांचाच आहे. मुलांनी चोरून जेवावं हे ह्यांना पटत नाही.

श्रावणात आमची खान्देशी देवी कानबाई बसली. रोट खायला सगळी भाऊबंदकी जमली, आणि ह्यांना रोट कसा द्यायचा यावर वडीलधाऱ्यांत बोलणं सुरू झालं. नळीतून दिलेला तो प्रसाद होतो का, नुसतं कपाळाला लावावं का, की ह्यांचा वाटा भावाने खावा. पुन्हा सगळं ह्यांच्या डोक्यावरून. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "खीर गाळून दे." मी पुरण आणि खीर दुधात फिरवली, दोनदा गाळली, आणि सगळ्यांसमोर सिरिंजने दिली. आत्यासासूबाईंनी सिरिंजला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून त्या तरी जे विचारायचं ते ह्यांनाच विचारतात, आणि ह्यांचं लिहून होईपर्यंत थांबतात.

येणाऱ्या पुरुषांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात माव्याची पुडी असते. गुटख्यावर गुजरातेत 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना गल्ल्यावर डोळ्यांसमोर चोळून मिळतो. बारा तासांची पाळी जागून काढायला तो लागतो असं लूमवरचे सांगतात. नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच सांगितलं. त्याच वर्षी शरद पवारांवर तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झाले, 2015 मध्ये आर. आर. (आबा) पाटील याच रोगाने गेले. एवढी मोठी नावं घेऊनही कोणाची पुडी खाली पडत नाही.

हे मात्र आता आल्यागेल्याला सोडत नाहीत. पाटी पुढे करतात. तिच्यावर दोनच शब्द असतात, "तोंड उघड". मग खुणेने सांगतात, तीन बोटं एकावर एक उभी धर आणि दातांच्या मधे घाल. सुपारीने तोंड आतून आखडतं, आणि ते असं घरबसल्या कळतं. एका चुलतपुतण्याची दोनच बोटं गेली. ह्यांनी पाटी पुसून लिहिलं, "उद्या सिव्हिलला." तो गेला. डॉक्टरांनी सुपारी बंद करायला सांगितली, व्यायामाला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. तो रोज त्या एकावर एक रचून दातांत धरतो आणि किती मावल्या ते ह्यांना फोनवर कळवतो.

तुमच्या घरातल्या मावा, सुपारी, मिश्री खाणाऱ्या प्रत्येकाला आज आरशापुढे उभं करा. तीन बोटं जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर याच आठवड्यात दाखवा. सुरतेत सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे.