शिटी कोणाच्या हाती?

पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतून काळदुर्गाची वाट चढते. माथ्यावरचा चौकोनी कातळ दुरूनही ओळखू येतो. वसतिगृहातील मुलामुलींना घेऊन आम्ही या वाटेने अनेक हिवाळे गेलो. इतिहासाचा एक तरी तास गडावर व्हावा, हा आमचा आग्रह. मात्र त्या मोहिमांची रीत आम्ही कधी तपासली नाही. दोर मोठ्या मुलांकडे, डबे मुलींकडे. शिटी घेऊन आम्ही पुढे आणि ‘मुलींसाठी’ म्हणून बाई मागे.

२०१३ च्या डिसेंबरात नववीतला एक मुलगा मागे पडू लागला. वडील बोईसरला कारखान्यात पाळीवर कामाला. आम्ही वळून ओरडलो, “मुलगा असून दमलास?” सगळे हसले. तो मुकाट्याने चालू लागला.

माथा हाकेवर आला, तेव्हा मागून बाईंचा आवाज आला, “सर, थांबा. याचा घोटा सुजलाय. इथूनच परतू या.”

“बाई, एवढं काय त्यात? मुलगा आहे तो.”

“मुलगा आहे म्हणूनच बोलला नाही, सर.”

त्यांनी आमच्याकडून शिटी मागून घेतली. रानवाटा ठाऊक असलेल्या, वारली पाड्यातल्या दहावीच्या मुलीला पुढे केले आणि त्या मुलाला आधार देत आम्हांला शेवटी चालायला सांगितले. मनातून आम्ही दुखावलो होतो. पण कोण अडखळते, कोण आपले पाणी दुसऱ्याला देते, हे शेवटून चालताना आम्हांला प्रथमच दिसले.

समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा बाबासाहेबांचा १९४२ च्या नागपूर महिला परिषदेतील विचार आम्ही दरवर्षी वर्गात शिकवत होतो. गडावर मात्र तो विसरत होतो. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या मे महिन्यात, समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी तेरा वर्षांची आदिवासी मुलगी मालावत पूर्णा एव्हरेस्टवर पोहोचली. प्रार्थनासभेत तिचे कौतुक करताना आमच्या तोंडून निघाले, “मुलासारखी शूर!” बाईंनी नुसते पाहिले. शौर्य म्हणजे पुरुषपण, ही गाठ आमच्या मनातून सुटलेली नव्हती.

आता परतण्याची वेळ पायथ्याशीच ठरते. शिटी पाळीपाळीने मुलामुलींच्या हाती जाते. डबे सगळेच वाहतात. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत लहानालाही आहे. माथा कधी गाठला जातो, कधी राहून जातो.

तो मुलगा आज माजी विद्यार्थी आहे; ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्या दिवशी चूक त्याच्या पायाची नव्हती, आमच्या शब्दांची होती. शाळेच्या इतिहासात एवढी नोंद राहावी.