पत्ता विचारायला लाजू नका!

तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काम एवढंच, की लॅबचं लॉगिन तपासणारा कर्बेरॉस सर्व्हर चालू आहे का ते सांगायचं. सर्व्हरचा आयपी पत्ता मी सरळ कोडमध्येच टाकला. "तो कुठे बदलतोय!" असं रूम पार्टनरला ऐटीत म्हणालोही.

दिवाळीच्या सुट्टीत तो बदलला. जुनं मशीन काढून दोन नवी बसवली. सुट्टीनंतरच्या पहिल्याच सबमिशनला माझ्या प्रोग्रॅमने छातीठोकपणे सांगितलं, "सर्व्हर बंद आहे." लॅब असिस्टंटनी सेकंड इयरची अख्खी बॅच परत पाठवली. सर्व्हर मात्र ठणठणीत होता! रात्री मेसमध्ये एक ज्युनियर समोर येऊन बसला. "दादा, माझी शेवटची तारीख होती," एवढंच म्हणाला. पोळी घशाखाली उतरेना.

मग जागून वाचायला बसलो. यावरचा उपाय 2000 सालच्या आरएफसी 2782 मध्ये होता: डीएनएसमधली एसआरव्ही नोंद. ही नोंद म्हणजे आपल्या गेटवरच्या वॉचमनकाकांचं रजिस्टर. गेल्या वर्षीचा रूम नंबर घेऊन तीन जिने चढण्यापेक्षा काकांना विचारावं, कोण सध्या कुठे राहतो ते कळतं. सीमध्ये हे विचारायचं काम रेस_क्वेरी हे फंक्शन करतं. उत्तरात प्रत्येक सर्व्हरच्या चार गोष्टी येतात: प्राधान्य, वजन, पोर्ट आणि नाव. प्राधान्याचा आकडा लहान, त्याला आधी विचारायचं. आकडे सारखे असतील तर वजन बघून निवड करायची.

पहिल्या रनला पोर्ट आला 22528. कर्बेरॉसचा पोर्ट तर 88! तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. नेटवर्कवरून मोठा बाइट आधी येतो आणि आपला पीसी उलटा वाचतो. 88 गुणिले 256 म्हणजे बरोब्बर 22528. एनटीओएचएस लावलं आणि 88 दिसले. पहाटेचे चार वाजले होते.

सकाळी सरांकडे जाऊन चूक माझी आहे हे कबूल केलं. सर बोलले भरपूर, पण त्या बॅचचं सबमिशन घेतलं. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, "कर्बेरॉसची लायब्ररी हा शोध स्वतःच घेते. मग तू हे कशाला लिहिलंस?" मी म्हटलं, "सर, लिहिलं नसतं तर ती काय करते ते कधी कळलंच नसतं." सर हसले. मार्क किती दिले ते विचारू नका.

आता माझा प्रोग्रॅम यादीतल्या प्रत्येक सर्व्हरला विचारतो. एकानेही उत्तर दिलं नाही, तरी "सर्व्हर बंद आहे" असं म्हणत नाही. "मला सापडला नाही," असं म्हणतो. या दोन वाक्यांत काय फरक आहे, तो मला त्या ज्युनियरच्या चेहऱ्यावर कळला होता.