एक जागा, दोन नावं

आपल्या घरात एकाच बाईला कुणी ताई म्हणतं, कुणी वहिनी, कुणी काकू. नावं तीन, माणूस एकच. म्हणून ताईला कुणी टाकून बोललं, तर डोळे वहिनीचेही भरून येतात! मला कुणी 'पॉइंटर म्हणजे काय हो?' असं विचारलं, की मी हेच उदाहरण देतो.

मंडळी, 1998 साली वायटूकेच्या लाटेत मी अमेरिकेत आलो, तो आयबीएमच्या एएस/400 वर आरपीजी भाषेत काम करायला. पगार, बिलं, गोदामातला माल यांचे हिशेब ठेवणारी ही भाषा. 1994 साली आलेल्या तिच्या नव्या अवतारात, आरपीजी फोरमध्ये, पॉइंटर मिळाला. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. एका व्हेरिएबलचा पत्ता घ्यायचा आणि त्याच पत्त्यावर दुसरं नाव लावायचं. कोबॉलमध्ये एका जागेला दुसरं नाव देण्याचं काम 'रिडिफाइन्स' करतो.

याची सोय मोठी. समजा, तारीख 20030415 अशी आठ आकड्यांत ठेवली आहे. त्याच जागेला वर्ष, महिना, दिवस अशा तुकड्यांचं दुसरं नाव दिलं, की महिना आयता हातात! भागाकार नको, कॉपी नको.

पण 2003 साली मी एका विमा कंपनीत होतो, तिथे काही ग्राहकांना मुदत संपण्याआधीच पॉलिसी बंद झाल्याची पत्रं गेली. वेळेवर हप्ते भरणारी ही माणसं. मुदतीची तारीख महिनाभर अलीकडे सरकली होती. त्या व्हेरिएबलचं नाव आम्ही सगळ्या प्रोग्रॅममध्ये शोधलं. ते बदलणारी एकही ओळ सापडेना. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. आठवणपत्र महिनाभर आधी पाठवायचं, म्हणून कुणीतरी 'महिना'मधून एक वजा केला होता. तो महिना स्वतंत्र नव्हताच, मूळ तारखेचाच तुकडा होता. एप्रिलचा मार्च झाला तो असा.

उपाय साधा निघाला. तारीख वेगळ्या व्हेरिएबलमध्ये कॉपी करायची आणि वजाबाकी तिथे करायची. शिवाय तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. दुसरं नाव मूळ नावाच्या लगेच खाली लिहायचं. त्याची लांबी मूळ जागेपेक्षा जास्त ठेवायची नाही, नाहीतर शेजारच्या व्हेरिएबलवर अतिक्रमण होतं आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. आणि या नावाने फक्त वाचायचं. लिहायचं असेल तर मूळ नावानेच.

2020 च्या एप्रिलमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल येणाऱ्यांना मदतीची हाक दिली होती. असे जुने प्रोग्रॅम अजून चालू आहेत. ते लिहिणारे मात्र एकेक करून निवृत्त होताहेत. कुठली दोन नावं एकाच जागेची, हे बरेचदा त्यांच्या डोक्यातच असतं. म्हणून नव्या मुलांना मी एवढंच सांगतो: बाबांनो, नावं हवी तेवढी ठेवा, पण त्यांचं नातं शेजारी एका ओळीत लिहून ठेवा. त्या ओळीला मिनिट लागतं. आम्हाला दोन दिवस लागले, आणि पत्र हातात पडलेल्या माणसांची झोप उडाली ती वेगळीच.