मतपेटी कुठाय?

चाकणच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात युनियन काढायचं ठरलं, तेव्हा अक्षर बरं म्हणून मला खजिनदार केलं. युनियन तशी एक आधीपासून होती. मान्यता तिलाही नव्हती, पण चहापाण्याला आणि चर्चेला मॅनेजमेंट तिलाच बोलवायची. माझी समजूत अशी, की ग्रामपंचायतीसारखी निवडणूक लागेल, मतपेटी येईल आणि जास्त मतं पडतील ती युनियन खरी. वकिलांच्या ऑफिसात गेल्या गेल्या विचारलं, "साहेब, मतदान कधी?"

"मतदान नाही. पावत्या," ते म्हणाले आणि फाईलमध्ये डोकं घातलं.

महाराष्ट्रात 1971 चा एक कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देणं आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणं, ही त्याची दोन कामं. नाव लांबलचक, म्हणून कोर्टात सगळे नुसतं 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मान्यता हवी असेल, तर अर्जाच्या आधीचे सहाही महिने किमान 30 टक्के कामगार तुमचे सभासद असले पाहिजेत. अर्ज औद्योगिक न्यायालयात. तिथून नोटीस लागते, दुसरी युनियन हरकत घेते आणि मग तपास अधिकारी दोघांची रजिस्टरं, पावतीबुकं तपासतात. गुप्त मतदान कुठेच नाही. मला हे काही केल्या पचेना.

वर्गणी महिन्याला किमान 50 पैसे, असं कायद्यात अजून लिहिलेलं आहे. (50 पैशांत टपरीवर काडीपेटीसुद्धा मिळत नाही.) आम्ही अर्थातच जास्त घेत होतो. रात्रपाळीला कँटीनच्या कोपऱ्यात मी पावतीबुक घेऊन बसायचो. कार्बन नीट लावायचा, महिना लिहायचा, टोकन नंबर लिहायचा, सही घ्यायची. पोरं वैतागायची. "वर्षाचे एकदम घे आणि सोड की बाबा!" पण मोजणी महिन्यामहिन्याची. त्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली, की तो माणूस सभासद म्हणून धरलाच जात नाही. घोषणा देताना घसा कितीही फाडला असला तरी.

पावतीबुकं भरत आली आणि अचानक कंपनीनं पगारवाढीची पत्रं वाटली. करार नाही, मागणीपत्र नाही, वर्षाची वाढही झालेली. सुपरवायझर हातात पाकीट देताना हळूच म्हणाला, "कशाला हवी युनियन? मागायच्या आधीच मिळतंय की." मी खूष! दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्लॉटमधले जुने युनियनवाले अण्णा भेटले. ते म्हणाले, "हीसुद्धा अनुचित प्रथा आहे." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पगार वाढवणं बेकायदा?

कायद्याची दुसरी अनुसूची काढून पाहिली, तर अण्णा बरोबर होते. युनियन बांधली जात असताना ऐन मोक्याला, ती मोडण्यासाठी पगारवाढ देणं मालकाला मना आहे. मात्र हेतू सिद्ध करायचा कामगारानं, आणि हेतू काही पाकिटावर छापलेला नसतो. त्याच यादीत पुढे वाचत गेलो तर आमचाच कारखाना डोळ्यांसमोर: युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू ही धमकी, टाळं लावू ही धमकी, स्वतःच्या पैशानं युनियन उभी करणं, फूट पाडायला नालायकाला बढती. चौथ्या अनुसूचीत तर कंपनीच्या धोरणाचं नाव पुढे करून आकसानं केलेली बदलीही आहे. आमच्या सेक्रेटरीला थेट नागपूरच्या डेपोत पाठवायचं पत्र आलं, तेव्हा ते कलम आमच्या कामाला आलं. बदलीला अंतरिम स्थगिती मिळाली.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात बसत नाही. मान्यताप्राप्त युनियनला संपावर जायचं असेल, तर 14 दिवसांची नोटीस देण्याआधी सभासदांचं मतदान घेऊन बहुमत मिळवावं लागतं. नाहीतर संप बेकायदा. म्हणजे संपाला मत विचारायचं आणि युनियन निवडताना नाही! अण्णा म्हणाले, "1982 चा मुंबईतला गिरणी संप विसरलास का?" गिरणी कामगारांना लागू होता 1946 चा वेगळा मुंबई कायदा, पण गोम तीच. प्रतिनिधी युनियन म्हणून नोंद राष्ट्रीय मिल मजदूर संघाची आणि सुमारे अडीच लाख माणसं संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे. कागदावर सामंतांना बोलणी करण्याचा अधिकारच नव्हता. गुप्त मतदान असतं तर गिरण्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण कामगार कोणाच्या बाजूला आहेत, हा वाद तरी एका दिवसात मिटला असता. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत, अनेक युनियन असतील तिथे, एकट्यानं वाटाघाटी करायला हजेरीपटावरच्या किमान 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. आकडा वाढला, आणि मोजायचा तो पाठिंबा, नुसते सभासद नाहीत.

मतपेटी यावी असं मला आजही वाटतं. ती येईपर्यंत, नव्यानं युनियन काढणाऱ्यांना एवढंच सांगणं: पावती महिन्याच्या महिन्याला फाडा. मॅनेजमेंटनं दिलेलं प्रत्येक पत्र तारखेसकट जपा. आणि या कायद्याखालची तक्रार घटना घडल्यापासून 90 दिवसांत करायची असते, तेव्हा साहेबांशी बोलून बघू म्हणत बसू नका.